पडद्यावरच्या चांदण्या : स्लाइडच्या मार्कडाउनला मराठीची रीत कळायला हवी



आपण रोज एक काम करतो, पण त्याचं नाव आपल्याला माहीत नसतं. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना टाकताना 'उद्या सकाळी ७ वाजता' या शब्दांच्या मागे-पुढे एकेक स्टार देतो. सूचना पाठवली की ते शब्द ठळक दिसतात. माऊस लागत नाही, मेनू उघडावा लागत नाही. बोटाखाली असलेल्या साध्या खुणेनेच काम होतं.

अशा खुणांनी मजकूर मांडण्याची एक जुनी आणि जास्त सविस्तर पद्धत आहे, तिला मार्कडाउन म्हणतात. जॉन ग्रुबर यांनी ॲरन स्वार्ट्झ यांच्या मदतीने ती २००४ साली तयार केली. ओळीच्या सुरुवातीला # दिलं की शीर्षक, आडवी रेघ दिली की यादीतला मुद्दा, दोन स्टारमध्ये शब्द ठेवला की ठळक. वेगवेगळ्या साधनांत नियम वेगवेगळे होऊ लागले, तेव्हा २०१४ मध्ये 'कॉमनमार्क' नावाने ते काटेकोर लिहून काढले गेले. आज रिव्हील जेएस, मार्प, स्लायडेव्ह अशी साधनं याच खुणांवरून ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या स्लाइड तयार करून देतात. एका ओळीत नुसत्या तीन रेघा --- लिहिल्या की पुढची स्लाइड सुरू. आपण जिला सरसकट 'पीपीटी' म्हणतो, ती अशी साध्या मजकुरातून उभी राहते.

मला या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. भाषेच्या पाठासाठी ही पद्धत आपल्या फार कामाची आहे, पण तिचे नियम इंग्रजी लिहिण्याच्या सवयीवर बेतलेले आहेत. मराठी कशी लिहितात हे तिला अजून नीट कळत नाही. आणि ते सांगायचं काम आपलं आहे, कारण फळ्यावर रोज मराठी लिहिणारे आपणच.

एकदा आपण पाठ गमावले आहेत

तुम्ही म्हणाल, चालू आहे ते बरं आहे, नवीन झंझट कशाला? तर जरा आपली जुनी पेनड्राइव्ह आठवा. वीस वर्षांपूर्वी कृतिदेव, शिवाजी, श्री-लिपी अशा फॉन्टांत टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका, निबंध, टाचणं. आज ती फाईल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. कारण त्या फॉन्टांत आतली अक्षरं मराठी नव्हतीच. इंग्रजीच्या जागांवर मराठीची चित्रं चढवलेली होती. आपल्यापैकी कितीतरी जणांची वर्षांची मेहनत अशी वाया गेली. गुरुजी निवृत्त झाले, संगणक बदलला आणि पाठ संपला.

युनिकोडने हा प्रश्न सोडवला. आता 'क' हा कुठेही 'क'च असतो. पण पीपीटीच्या बाबतीत आपण परत त्याच वाटेने चाललो आहोत. मजकूर एका विशिष्ट सॉफ्टवेअरच्या डब्यात बंद करून ठेवतो. आवृत्ती बदलली की चौकटी सरकतात, जोडाक्षरं चौकटीबाहेर पडतात. मार्कडाउनची फाईल म्हणजे नुसता युनिकोड मजकूर. मोबाइलच्या नोटपॅडमध्येही उघडते. देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला साधारण तीन बाइट लागतात, म्हणजे अडीच हजार चिन्हांचा पाठ साडेसात हजार बाइटांत, जेमतेम ८ केबीत बसतो. चार फोटो टाकलेली पीपीटी सहज काही एमबीची होते. रेंज येते-जाते अशा गावात हा फरक किती मोठा असतो, हे तुम्हाला सांगायला नको. शिवाय शेजारच्या शाळेतल्या मॅडमना तुमचा पाठ बदलून वापरायचा असेल, तर त्या दोन ओळी बदलतात आणि काम होतं.

म्हणून मी हा मार्ग धरला. आणि तिथेच ठेच लागली.

वलगावच्या पाठाची गोष्ट

वलगाव म्हटलं की आम्हा अमरावतीकरांना पेढी नदी आठवते आणि गाडगेबाबा आठवतात. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीला जाताना वलगावजवळ पेढीच्या पुलापाशी बाबांनी देह ठेवला. त्यामुळे आमच्याकडे २० डिसेंबरचा परिपाठ साधा नसतो. मी त्या दिवसासाठी बारा स्लाइडचा पाठ लिहिला. शेंडगाव इथला १८७६ चा जन्म, खराटा, कीर्तन, धर्मशाळा आणि शेवटी दशसूत्री. रात्री मजकूर लिहिला, एका साधनात टाकला आणि पूर्ण न तपासता झोपलो. चूक माझीच.

सकाळी प्रोजेक्टर लावला. दशसूत्रीची स्लाइड आली. मी लिहिलं होतं असं :

'दशसूत्री'त कोणत्या दहा गोष्टी सांगितल्या आहेत?

पडद्यावरही नेमकं तसंच दिसलं, चारही स्टारसकट. पहिल्या बाकावरचा एक जण म्हणे, "सर, ह्या चांदण्या काहून दिसून रायल्या?" मागून उत्तर आलं, "अबे, बाबा रातीचं कीर्तन करत होते ना, थे तारे हायेत!" वर्ग हसला, मीही हसलो. पण पुढची स्लाइड पाहून हसू गेलं. दहा सूत्रं मी १. २. ३. असे मराठी अंक घालून दहा ओळींत लिहिली होती. पडद्यावर ती सगळी एकाच परिच्छेदात गोळा झाली होती. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी इथपासून पुढचं सगळं एकमेकांत घुसलेलं. मागच्या बाकावरून वाचता येईना. शेवटी मी खडू घेतला आणि दहाही सूत्रं फळ्यावर लिहिली.

घरी येऊन नियम वाचले, तेव्हा कळलं की साधनाने काही चूक केली नव्हती. ते नियमाप्रमाणेच वागलं होतं. नियम लिहिणाऱ्यांसमोर मराठी वाक्यच आलं नसावं.

मराठी कुठे कुठे अडते?

पहिली अडचण प्रत्ययाची. इंग्रजीत शब्द संपला की मोकळी जागा येते. आपल्याकडे शब्दाला ला, ने, त, चा, मध्ये चिकटतात. कॉमनमार्कचा नियम असा की ठळक संपवणाऱ्या स्टारच्या आधी विरामचिन्ह असेल आणि स्टारला लागून लगेच अक्षर आलं, तर ते स्टार संपवणारे मानायचे नाहीत. 'दशसूत्री'त यात नेमकं हेच होतं. स्टारच्या आधी अवतरण चिन्ह, पुढे 'त'. अवतरण चिन्ह नसेल तर अडत नाही. नदीला असं लिहिलं तर 'नदी' नीट ठळक होते. पण स्टारऐवजी अंडरस्कोअर वापरून _नदी_ला लिहिलं की परत अडलं, कारण शब्दाच्या मध्ये आलेला अंडरस्कोअर ही खूण मानायचीच नाही, असाही नियम आहे. ही अडचण आपली एकट्याची नाही. चिनी, जपानी, कोरियन लिपीत शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत वेगळी असल्याने तिथल्या लोकांनाही याच नियमाचा त्रास होतो. त्यांनी तो नियम सांभाळणाऱ्यांपुढे मांडला आणि काहींनी त्यावर पूरक जोडही लिहिली. आपणही आपली वाक्यं मांडायला पाहिजेत.

दुसरी अडचण अंकांची. क्रमवार यादी ओळखताना मार्कडाउन फक्त 1, 2, 3 हे अंक पाहतो. १, २, ३ त्याच्या लेखी साधी अक्षरं. मग तो त्या ओळी यादी न समजता परिच्छेद समजतो आणि एकामागे एक जोडून टाकतो. गंमत अशी की वेबपानाची सजावट ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये यादीचे क्रमांक देवनागरीत दाखवायची सोय तयार आहे. म्हणजे दाखवता येतात, लिहिलेले मात्र ओळखता येत नाहीत. 'लिहा की इंग्रजी अंक, काय बिघडतं?' असं कोणी म्हणेल. माझं काही बिघडत नाही. पण ज्या पोरांना आपण १ ते १० मराठीत गिरवायला लावतो, त्यांच्यासाठी पाठ लिहिताना आपणच मराठी अंक टाळायचे, हे मला तरी पटत नाही.

तिसरी अडचण कवितेची. मार्कडाउनमध्ये एकदाच एंटर दाबून खाली गेलात, तर नवी ओळ होत नाही. दोन्ही ओळी शेजारी येतात. ओळ मोडायची असेल तर ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडायच्या किंवा उलटी तिरकी रेघ \ द्यायची. मोकळ्या जागा डोळ्यांना दिसत नाहीत, मग चूक सापडणार कशी? मार्पसारखी काही साधनं ओळ जिथे मोडली तिथेच मोडतात, काही मोडत नाहीत. अभंग, ओवी, बालकविता शिकवणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. ओळ कुठे मोडते यावर कवितेचा श्वास असतो, आणि पोरं तो पडद्यावरून शिकतात. आणखी एक बारीक गोष्ट. दंड लिहायला (।) पुष्कळ जण कीबोर्डवरची उभी रेघ (|) वापरतात. ती तक्त्यातल्या मजकुरात आली, तर साधनाला वाटतं पुढचा रकाना सुरू झाला. ओवीचे दोन तुकडे दोन रकान्यांत जातात.

चौथी अडचण रिकाम्या जागांची. 'खालील रेघेवर उत्तर लिहा' असं म्हणून आपण एका ओळीत नुसते अंडरस्कोअर ______ देतो. मार्कडाउनमध्ये अशी ओळ म्हणजे दुभाजक. मार्पमध्ये दुभाजक आला की नवी स्लाइड सुरू होते, मग तो --- असो की ___. म्हणजे प्रश्न एका स्लाइडवर आणि उत्तराची जागा गायब. याच्या उलटही होतं. ओळ संपल्या-संपल्या, मध्ये रिकामी ओळ न सोडता --- दिलं, तर कॉमनमार्क त्याला दुभाजक मानत नाही. वरच्या ओळीलाच शीर्षक करून टाकतो. हे फक्त मराठीचं दुखणं नाही, पण नवख्या शिक्षकाला इथेच पहिला धक्का बसतो.

पाचवी अडचण दिसण्याची आणि ऐकण्याची. व्हॉट्सॲपवर एक स्टार म्हणजे ठळक. मार्कडाउनमध्ये एक स्टार म्हणजे जोर द्यायचा शब्द, जो तिरका दाखवतात. देवनागरीत तिरक्या अक्षरांची परंपरा नाही. बहुतेक वेळा यंत्र सरळ अक्षरालाच धक्का मारून वाकडं करतं. तिसरी-चौथीच्या पोराला आपण सुलेखनात अक्षर सरळ काढायला सांगतो आणि पडद्यावर वाकडं दाखवतो. आणखी असं की अनेक साच्यांत पानाच्या भाषेच्या जागी 'इंग्रजी' असा शिक्का असतो. ज्या फॉन्टांत मराठी आणि हिंदी वळणाची दोन्ही अक्षरं आहेत, ते फॉन्ट हा शिक्का पाहून अक्षर निवडतात. शिक्का मराठीचा नसेल, तर आपला देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' येईलच असं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ज्या मुलाला दिसत नाही आणि जो संगणकाकडून पाठ वाचून घेतो, त्याच्यासाठी वाचणारा आवाज मराठी असावा की इंग्रजी, हेही त्याच शिक्क्यावर अवलंबून असतं.

सहावी अडचण शिक्षकाच्या टिपणाची. मुलांना न दिसणारं, फक्त आपल्याला दिसणारं टिपण ही या साधनांची मोठी सोय. रिव्हील जेएसमध्ये अशा टिपणाआधी 'नोट' हा शब्द इंग्रजी लिपीत लिहावा लागतो. तो बदलून 'टीप' करता येतो, पण ते सेटिंग प्रोग्रामर माणसाला सापडणारं, तुम्हा-आम्हाला नाही. लिहिता लिहिता दर स्लाइडला कीबोर्ड मराठीतून इंग्रजीत आणि परत मराठीत न्यायचा, हे लहान वाटतं. बारा स्लाइड लिहून पहा, मग सांगा.

हे कोणी दुरुस्त करायचं?

आता दोन आक्षेप. पहिला असा की माऊसने ओढून-ताणून करायच्या पीपीटीत यातलं काहीच होत नाही, मग तीच बरी. खरं आहे. नकाशा दाखवायचा असेल, भूमितीची आकृती असेल, एकेक भाग हलवून दाखवायचा असेल, तर तिथे माऊसची पीपीटीच वापरा. मीही वापरतो. पण भाषेचा पाठ म्हणजे शब्द, वाक्य, ओळ. तिथे चित्रापेक्षा मजकूर टिकला पाहिजे, शोधता आला पाहिजे, दुसऱ्याला बदलता आला पाहिजे.

दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. आधीच ऑनलाइन माहित्या भरून शिक्षकाची कंबर मोडली आहे, त्यात हे कुठे? म्हणून तर मी म्हणतो की शिक्षकाने नियम पाठ करायचे नाहीत, साधनाने मराठी शिकायची. बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याच्या भाषेत यावं, हे वऱ्हाडात आम्हाला कोणी नव्याने शिकवायला नको. गाडगेबाबा शाळेत शिकलेले नव्हते, पण कीर्तनात समोरच्या माणसाच्या बोलीत त्यालाच प्रश्न विचारत आणि त्याच्याच तोंडून उत्तर काढत. कोणाला म्हटलं नाही की आधी पुस्तकी भाषा शिकून या. साधनाकडूनही आपली तेवढीच अपेक्षा आहे.

आणि ही साधनं बंद पेटीतली नाहीत. रिव्हील जेएस, मार्प, स्लायडेव्ह या सगळ्यांचा कोड खुला आहे. कोणीही पाहू शकतो, सुधारणा सुचवू शकतो. कोड लिहिणारे मराठी तरुण पुण्यात आहेत, नागपुरात आहेत, परदेशातही आहेत. कदाचित तुमचाच एखादा माजी विद्यार्थी त्यात असेल. त्यांना कोड लिहिता येतो. मराठी लिहिताना नेमकं कुठे अडतं, याची उदाहरणं मात्र त्यांच्याकडे नसतात. ती आपल्याकडे आहेत.

म्हणून माझं म्हणणं असं. आपण दहा वाक्यांची एक कसोटी तयार करू. अवतरणातल्या शब्दाला प्रत्यय लागलेलं वाक्य, मराठी अंकांची यादी, स्वतः रचलेल्या चार ओळींची कविता, दंड असलेला तक्ता, रिकामी जागा, 'टीप' ने सुरू होणारं टिपण, 'श' आणि 'ल' असलेला शब्द. वाक्य कसं लिहिलं आणि पडद्यावर कसं दिसायला हवं, एवढंच शेजारी शेजारी मांडायचं. कोणतंही साधन या दहांतून पार झालं तर ते मराठी शाळेसाठी तयार. नाही झालं, तर कुठे अडलं ते बनवणाऱ्यांना कळवायचं. तक्रारीपेक्षा असं उदाहरण त्यांना जास्त उपयोगी पडतं.

तोपर्यंत काय करायचं?

उद्याच पाठ घ्यायचा असेल, तर एवढं लक्षात ठेवा :

– स्टार अवतरण चिन्हाच्या आत घ्या. 'दशसूत्री'त असं लिहिलं की चालतं.

– ठळक करायला दोन स्टार द्या. एक स्टार आणि अंडरस्कोअर टाळा.

– यादीला सध्या 1. 2. 3. द्या, आणि साचा बदलता येणारं कोणी ओळखीचं असेल तर क्रमांक देवनागरीत दाखवायला सांगा.

– कडव्याची शेवटची ओळ सोडून कवितेच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी \ द्या. दिसतो, म्हणून चूक सापडते.

– --- च्या वर आणि खाली एक रिकामी ओळ सोडा. उत्तराची रेघ एकटी ठेवू नका, तिच्याआधी 'उत्तर :' लिहा.

– दंडासाठी मराठी कीबोर्डवरचाच दंड वापरा.

– पानाची भाषा 'मराठी' अशी निवडा, सोय असेल तर.

– आणि माझ्यासारखं करू नका. रात्रीच एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ चालवून पहा.

ही सगळी तात्पुरती मलमपट्टी आहे, हे मला कळतं. पडद्यावर मराठी नीट दिसावी म्हणून लिहिताना मराठी वाकवायची, ही काही कायमची सोय होऊ शकत नाही. एकदा फॉन्टासाठी आपण वाकलो होतो. त्याची किंमत म्हणून पाठ गेले.

दशसूत्रीत गरीब मुलामुलींना शिक्षण हेही एक सूत्र आहे. त्या सकाळी ते पडद्यावरच्या गिचमिडीत कुठेतरी दबलं होतं. पुढच्या २० डिसेंबरला तेच बारा स्लाइडचं टिपण परत लावणार आहे. दहाही सूत्रं एकाखाली एक, मराठी अंकांत आणि शेवटच्या बाकावरून वाचता येतील अशी दिसावीत, एवढीच इच्छा आहे. तुमच्या पाठातली एक-दोन अडलेली वाक्यं तुम्हीही आजच वहीत लिहून ठेवा. दहाची कसोटी तिथूनच सुरू करू.